निर्जलीकरण, नवजात अर्भकातील

निर्जलीकरण, नवजात अर्भकातील : फक्त अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळाला पहिल्या आठवड्यात दूध पुरेसे न मिळाल्यास त्याच्या शरीरातील पाणी घटते आणि रक्तातील सोडियम वाढते. सोडियम लिटरला १४५ मिलिमोलच्या वर गेल्यास या अवस्थेला हायपरनॅट्रेमिक डिहायड्रेशन म्हणतात.

वजनातील घट : जन्मतः बाळाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी असतो. त्यामुळे पहिल्या दोन-चार दिवसांत वजन ५ ते ७ टक्के उतरणे स्वाभाविक आहे. सिझेरियनने जन्मलेल्या बाळांत ही घट थोडी जास्त दिसते. उतरलेले वजन साधारणपणे १० ते १४ दिवसांत भरून येते. घट १० टक्क्यांवर गेली, तर तपासणी आवश्यक ठरते. उदा., जन्माच्या वेळी ३,००० ग्रॅम असलेले बाळ पाचव्या दिवशी २,६४० ग्रॅम भरले, तर घट १२ टक्के होते.

कारणे : सुरुवातीचा चीक थोडाच असतो, भरपूर दूध साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उतरते. पहिलटकरीण, सिझेरियन, मधुमेह, स्थूलपणा किंवा प्रसूतीतील अतिरक्तस्राव यांमुळे ते लांबू शकते. बाळाने स्तन नीट तोंडात न धरणे, स्तनाग्रे आत ओढलेली असणे आणि थोडे आधी जन्मलेले झोपाळू बाळ हीही कारणे आहेत. स्तन रिकामे होत नाहीत तोवर दूध वाढत नाही, आणि अशा दुधात सोडियमही चढे राहते. मध, गुटी किंवा साखरपाणी दिल्याने बाळ कमी चोखते आणि अडचण वाढते. कडक उन्हाळा व जादा दुपटी यांनीही पाणी घटते.

लक्षणे : सोडियम वाढले की पेशींतील पाणी रक्ताकडे ओढले जाते. त्यामुळे रक्ताभिसरण बराच काळ टिकते आणि टाळू खोल जाणे, त्वचा सैल पडणे या खुणा उशिरा दिसतात. बाळ रडत नाही, झोपून राहते. घरच्यांना ते शांत व तृप्त वाटते. लंगोट अधिक बोलके असते : पाचव्या दिवसापासून २४ तासांत सहाहून कमी वेळा लघवी, युरेटच्या स्फटिकांचे विटकरी डाग, किंवा शी अजून काळीच असणे हे इशारे आहेत. ताप आणि वाढती कावीळही आढळते. तीव्र अवस्थेत झटके, मूत्रपिंड निकामी होणे, मेंदूतील रक्तस्राव किंवा शिरांत गुठळी होण्याचा धोका असतो.

उपचार : रक्तातील सोडियम, साखर, बिलिरुबिन व मूत्रपिंडाचे कार्य तपासतात. बाळ गिळू शकत असल्यास आईचे पिळून काढलेले दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने देतात; ते अपुरे पडल्यास दुग्धपेढीतील दूध किंवा फॉर्म्युला देतात. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये सुरू झालेली दुग्धपेढी आशियातील पहिली मानली जाते. प्रकृती गंभीर असल्यास सलाइन लागते. मात्र सोडियम २४ तासांत साधारण १० ते १२ मिलिमोलपेक्षा वेगाने उतरवत नाहीत. घाईने मेंदूला सूज येऊन झटके येऊ शकतात. घरी नुसते पाणी पाजणे धोक्याचे असते.

प्रतिबंध : जन्मानंतर तासाभरात स्तनपान, दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पाजणे, आणि दूध पिताना गिळण्याचा आवाज येतो का हे पाहणे महत्त्वाचे. भारतात २०११ पासूनच्या गृहाधारित नवजात बालसेवेत आशा कार्यकर्ती तिसऱ्या व सातव्या दिवशी घरी येऊन वजन पाहते. रुग्णालयातून लवकर घरी आलेल्या बाळासाठी तिसऱ्या दिवसाचे वजन विशेष उपयोगी ठरते. घट तेव्हाच लक्षात आल्यास बहुधा पाजण्याची पद्धत सुधारून व पिळलेले दूध देऊन भागते आणि स्तनपान बंद करावे लागत नाही.