खानदेशचे फारुकी राज्य : कारभार आणि माणसे

इतिहासाच्या व्याख्यानाला येणाऱ्या माणसाच्या मनात काही नावे आधीच ठसलेली असतात. देवगिरीचे यादव, शिवछत्रपतींचे स्वराज्य, पुण्याची पेशवाई, दिल्लीचे मोगल ही ती नावे. जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला त्याच्या जिल्ह्याचा इतिहास विचारला, तर तोही बहुधा याच मोठ्या राज्यांच्या आधाराने सांगू लागतो. अमुक साली मोगल आले, अमुक साली मराठे आले, मग इंग्रज आले. जणू आपली भूमी ही इतरांच्या येण्याजाण्याची वाटच होती! परंतु याच भूमीत एक स्वतंत्र राज्य उभे राहिले आणि ते थोडेथोडके नव्हे, इ. स. १३८२ पासून १६०१ पर्यंत, म्हणजे २१९ वर्षे टिकले, याची आठवण फारच थोड्यांना असते. ते राज्य फारुकी सुलतानांचे. ‘खानदेश’ हे आपले नाव, बहुतेक अभ्यासकांच्या मते, त्याच राज्याची देणगी आहे. म्हणून या राज्याची घडण, त्याचा कारभार आणि त्यात नांदलेली माणसे यांचा विचार येथे करावयाचा आम्ही योजिले आहे.

प्रथम भूगोल पाहू. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेस सह्याद्रीची टोके आणि मधून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी तापी. गिरणा, पांझरा, वाघूर या नद्या तिला येऊन मिळतात. काळी कसदार जमीन आणि सपाट खोरे. या खोऱ्यातून सुरतेच्या बंदराकडून नंदुरबारमार्गे बऱ्हाणपुराकडे व्यापाराची वाट जाई. उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेत उतरण्याची वाटही सातपुड्याच्या खिंडीतून येथेच येई आणि त्या खिंडीवर असीरगडाचा पहारा होता. अशा जागी वसलेल्या राज्याला जकात भरपूर मिळते, पण निवांत झोप मिळत नाही. पश्चिमेस गुजरात, उत्तरेस माळवा, दक्षिणेस आधी बहमनी आणि मागाहून निजामशाही. या सर्वांहून खानदेश लहान. तरीही तो टिकला. तो कशाच्या बळावर टिकला, हा आमच्या विषयातील मुख्य प्रश्न आहे.

या राज्याचा संस्थापक मलिक राजा. दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाने १३७० मध्ये त्याला थाळनेर आणि करवंद हा मुलूख जहागीर म्हणून दिला. आजच्या धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात, तापीच्या उत्तर काठावर असलेले थाळनेर ही या राज्याची पहिली राजधानी. दिल्लीची सत्ता ढिली पडत चालली, तेव्हा १३८२ मध्ये मलिक राजाने स्वतंत्रपणे कारभार सुरू केला. १३९९ मध्ये तो वारला. त्याच्या घराण्याने आपली वंशावळ थेट खलीफा उमर यांच्याशी नेऊन भिडवली. उमर यांची ‘फारुक’ ही उपाधी, तिच्यावरून हे घराणे फारुकी म्हणवू लागले. या वंशावळीला इतिहासाचा भक्कम आधार नाही. पण त्यात नवल मानण्याचेही कारण नाही. नवे राज्य उभारणाऱ्याला जुने कूळ लागते. क्षत्रिय राजे सूर्याशी आणि चंद्राशी नाते सांगत, सुलतान खलीफांशी सांगत. तलवारीने जमीन मिळते, परंतु ती भोगण्याचा हक्क लोकांच्या मनात उतरावा लागतो. वंशावळी हे ते उतरवण्याचे साधन होते.

मलिक राजाचा मुलगा नासीरखान याच्या कारकिर्दीत राज्याला खरे अंग आले. त्याने असीरगड घेतला. फिरिश्ता हा इतिहासकार या गडाची हकीकत अशी सांगतो की, तेथे आसा अहीर नावाचा मोठा गोधनवाला राहत असे. त्याच्याजवळ हजारो गाई-म्हशी आणि वीस हजार मेंढ्या होत्या. दुष्काळ पडला तेव्हा त्याने आपली धान्याची कोठारे उघडली आणि भुकेल्या लोकांना काम देऊन गडाचा तट बांधविला. नासीरखानाने त्याच्याकडे आपल्या कुटुंबासाठी आश्रय मागितला. मेणे गडावर चढले, पण त्यांतून बायकामुलांऐवजी हत्यारबंद शिपाई उतरले आणि स्वागताला आलेला आसा आपल्या मुलांसह मारला गेला. मेण्यांतून शिपाई नेल्याच्या अशा गोष्टी अनेक गडांच्या बाबतीत सांगितल्या जातात, म्हणून तपशिलावर फार विसंबता येत नाही. तथापि या कथेत एक गोष्ट निश्चित उरते. फारुकींच्या आधी या डोंगरात अहिरांची मोठी सत्ता होती आणि ती गेल्याची हळहळ लोकांनी दोनशे वर्षे जपली होती. फिरिश्ता स्वतः १६०४ मध्ये बऱ्हाणपुरास आला होता. जिंकणाऱ्याच्या राजधानीतही त्याच्या कानी दानशूर आसाची कथा पडावी, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

तापीच्या दोन काठांवर नासीरखानाने दोन शहरे वसविली. एका काठावर बऱ्हाणपूर आणि समोर जैनाबाद. दौलताबादेचे सूफी संत शेख बुऱ्हानुद्दीन आणि त्यांचे शिष्य शेख जैनुद्दीन यांची नावे या शहरांना दिली. असीर जिंकल्यावर स्वतः शेख जैनुद्दीन नासीरखानाचे अभिनंदन करावयास आले, अशी कथा आहे. पण जैनुद्दीन १३६९ मध्येच निवर्तले होते. तेव्हा ती भेट घडणे शक्य नाही. श्रद्धेने रचलेली गोष्ट आणि सनावळी यांची अशी गाठ घालून पाहणे, हेच इतिहासाच्या अभ्यासकाचे रोजचे काम असते.

आता शेजाऱ्यांकडे वळू. लहान राज्याला शेजाऱ्यांशी तीन प्रकारे वागता येते. लढता येते, खंडणी देता येते आणि सोयरीक करता येते. फारुकींनी तिन्ही उपाय केले. गुजरातच्या अहमदशाहाचे श्रेष्ठत्व मानून नासीरने त्याच्याकडून ‘खान’ हा किताब घेतला आणि या खानाचा देश तो खानदेश, अशी नावाची उपपत्ती सांगितली जाते. कान्हदेश वगैरे दुसऱ्या व्युत्पत्तीही मांडल्या गेल्या आहेत. नासीरची मुलगी बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमद याला दिली होती. सुलतानाने संगमेश्वरच्या राजाच्या मुलीशी लग्न केले आणि पहिलीकडे पाठ फिरवली. मुलीने बापाकडे गाऱ्हाणे केले. बापाने १४३७ मध्ये वऱ्हाडावर स्वारी केली. खलफ हसन या बहमनी सरदाराने रोहिणखेड येथे त्याचा पराभव केला, पाठलाग करून बऱ्हाणपूर लुटले आणि नासीर लळिंगच्या किल्ल्यात शिरला. तेथेच त्या वर्षी त्याचा अंत झाला. मुंबई-आग्रा रस्त्यावरून धुळ्याकडे येताना दिसतो तोच हा लळिंग. सोयरीक हे राजकारणाचे साधन खरे, पण ते कसे उलटते याचा धडा या किल्ल्याने पाहिला आहे.

राज्याच्या भरभराटीचा काळ म्हणजे दुसरा आदिलखान याची कारकीर्द, १४५७ ते १५०१. त्याने गोंडांच्या मुलखावर वचक बसविला, वाटा सुरक्षित केल्या, असीरगडाला नवी तटबंदी घातली आणि ‘शाह-इ-झारखंड’, म्हणजे रानावनाचा राजा, असा किताब धारण केला. बळ वाढले म्हणून त्याने गुजरातची खंडणी थांबविली. महमूद बेगडा फौज घेऊन आला, तेव्हा ती पुन्हा भरावी लागली. यानंतर गादीच्या वारसाहक्काचे भांडण उठले. गुजरातने आपला उमेदवार आणला, अहमदनगरने आपला. १५०९ मध्ये गुजरातचा माणूस थाळनेर येथे गादीवर बसला. घरात एकी नसली की शेजारी न्यायाधीश होऊन बसतो.

या भांडणांची धास्ती फारुकींना फार. राजघराण्यातील पुरुषांना असीरगडावर नजरकैदेत ठेवावयाचे आणि गादी रिकामी झाली की त्यांतून एकाला बाहेर काढावयाचे, असा रिवाज तेथे पडला होता. त्यामुळे बंडे टळली असतील. पण जो राजपुत्र तरुणपणी भिंतींपलीकडचे जग पाहत नाही, तो राज्य कसे चालविणार? या प्रश्नाचे उत्तर शेवटच्या सुलतानाने दिले. ते पुढे येईलच.

राज्य म्हणजे केवळ सुलतान नव्हे. फारुकींच्या अमलाखाली कोण माणसे राहत होती? अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त खानदेश सुभ्याचे वर्णन आहे. ते मोगल अमलाच्या आरंभीचे असले, तरी त्यातला समाज फारुकींच्या काळातलाच आहे. मुख्य पीक ज्वारी. फौजेत कोळी, भिल्ल आणि गोंड. चोपडे हे दाट वस्तीचे मोठे गाव आणि त्याच्याजवळ गिरणा-तापीच्या संगमावर रामेश्वराचे देवस्थान, तेथे दूरदूरचे यात्रेकरू येत. धरणगावला विणलेले तलम कापड नावाजलेले. आज त्या गावावरून जाताना ही विणकरी किती जणांच्या ध्यानात येते?

या यादीत गुराखी अहीर, शेतकरी कुणबी, माग चालविणारे हिंदू-मुसलमान कारागीर, घाटवाटा राखणारे भिल्ल नाईक मिळविले, म्हणजे त्या समाजाचे चित्र पुरे होते. सुलतानाची भाषा फारसी होती, गावाची नव्हती. दरबाराला याचे भान होते, असे दाखविणारा एक दगड बऱ्हाणपुरास आहे. राजा अली खान या सुलतानाने तेथे जी जामा मशीद बांधली, तिच्यात अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेखही कोरला आहे. सृष्टिकर्त्याला वंदन करून त्यात फारुकी घराण्याची वंशावळ दिली आहे आणि विक्रम संवत १६४६ व शके १५११ अशी कालगणना आहे. मशिदीत संस्कृत लेख! आम्ही याचा अर्थ ताणू इच्छीत नाही. एका शिलालेखावरून सारे राज्य प्रेमाने नांदत होते असे ठरत नाही. परंतु आपली वंशावळ ही प्रजेच्या पंडितांना वाचता यावी, पंचांगाच्या तिथीने ती मोजली जावी, असे त्या राजाला वाटले, एवढे त्यावरून खास ठरते.

हाच राजा अली खान (१५७६–१५९७) या घराण्यातील सर्वांत मुत्सद्दी पुरुष. मोगलांच्या बळाचा अनुभव राज्याने आधीच घेतला होता. १५६२ मध्ये अकबराचा सरदार पीर मुहंमद याने बऱ्हाणपुरात कत्तल केली आणि परतताना तो नर्मदेत बुडून मेला. राजा अलीने ओळखले की हा शेजारी मागच्या शेजाऱ्यांसारखा नाही. १५९१ मध्ये अकबराचा वकील म्हणून कवी फैजी त्याच्याकडे आला. राजा अलीने अकबराचे वर्चस्व मानले आणि १५९७ मध्ये गोदावरीकाठी सोनपेठच्या लढाईत तो मोगलांच्या बाजूने लढता लढता पडला. पण रात्रीच्या गोंधळात तो शत्रूला मिळाला असा संशय घेऊन मोगलांनी त्याचीच छावणी लुटली. पुढे रणात त्याचे प्रेत सापडले. मांडलिकाने प्राण दिला तरी त्याच्या निष्ठेवर विश्वास बसत नाही, ही या घटनेतील बोचणारी गोष्ट.

त्याचा मुलगा बहादुरखान गादीवर आला आणि अकबराला न जुमानता असीरगडावर जाऊन बसला. १६०० मध्ये वेढा पडला. गड लढून घेता येईना. अखेर १७ जानेवारी १६०१ रोजी तो मोगलांच्या हाती आला. रोगराईने आला, की सोन्याने, की बोलणीला बोलावून धरल्याने, याविषयी समकालीन लेखकांचे एकमत नाही. बहादुरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत धाडले. शाहजादा दानियाल याच्या नावावरून देशाला ‘दानदेश’ असे नाव दिले. दानियाल १६०५ मध्ये बऱ्हाणपुरासच मेला आणि ते नावही टिकले नाही. लोकांनी खानदेशच म्हणणे चालू ठेवले.

मात्र जे बदलले ते नावाहून महत्त्वाचे होते. ‘आईन’मध्ये नोंद आहे की सुभ्याचा सारा १,२६,४७,०६२ वऱ्हाडी टंके होता आणि असीर घेतल्यावर बादशहाने तो दीडपट केला. या एका आकड्यात राज्य जाण्याचा अर्थ सामावला आहे. सुलतान गेला म्हणून धरणगावच्या विणकराने किंवा तापीकाठच्या कुणब्याने कदाचित अश्रू ढाळले नसतील. पण साऱ्याचा दर ज्या दरबारात ठरे, तो काल असीरच्या पायथ्याशी होता, आज आग्र्याला गेला. फारुकी काही प्रजेच्या संमतीने राज्य करीत नव्हते. त्यांच्या हातून आसा अहिरासारखी माणसे मारली गेली. पण त्यांना आपल्या खोऱ्याबाहेर दुसरे घर नव्हते. ज्वारी बुडाली की त्यांचीही तिजोरी बुडे. अशा राज्यकर्त्याला निदान स्वार्थासाठी तरी आपला मुलूख जपावा लागतो. लहान राज्याच्या टिकाऊपणाचे रहस्य आम्हाला येथे दिसते. गड, सोयरीक आणि खंडणी ही बाहेरची साधने होती. त्यांच्या तळाशी हे खोरे आणि त्यात राबणारी माणसे होती.

या राज्याच्या खुणा आज दोन राज्यांत वाटल्या गेल्या आहेत. बऱ्हाणपूर आणि असीरगड मध्य प्रदेशात, थाळनेर आणि लळिंग महाराष्ट्रात. सोळाव्या शतकात गुजरातकडून फारुकींकडे आलेले नंदुरबार १९९८ पासून स्वतंत्र जिल्हा आहे. इंग्रजांनी १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले, त्यांतून पुढे जळगाव आणि धुळे हे जिल्हे झाले. सीमा बदलत गेल्या, पण बाहेरगावी कोणी विचारले तर आपण अजूनही ‘आम्ही खानदेशी’ असेच सांगतो.

थाळनेरला तापीकाठी फारुकींच्या कबरी आहेत. धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे यांनी आयुष्याच्या अखेरीस कागद जमविले आणि १९२६ मध्ये त्यांचा अंत झाल्यावर त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. म्हणजे खुणाही येथेच आहेत आणि त्या तपासण्याची परंपराही येथेच आहे. या राज्याचा अभिमान धरा किंवा त्याचा राग धरा, असे आमचे म्हणणे नाही. ते आपल्या घराचे आहे, म्हणून ते नीट माहीत करून घ्यावे, एवढेच आमचे मागणे आहे. सुटीत मुलांना दौलताबाद किंवा आग्रा दाखविण्यापूर्वी एकदा थाळनेरला न्यावे. तेथील घुमटाखाली कोण निजले आहे असे मुलाने विचारले, तर वडिलांना उत्तर देता आले पाहिजे.