अनुस्वाराआड दडलेली मुंबई

इतिहासाच्या अभ्यासकाचे निम्मे आयुष्य पाने उलटण्यात जाते, ही तक्रार फार जुनी आहे. तेराव्या शतकात पॅरिसच्या डॉमिनिकन भिक्षूंनी बायबलची शब्दसूची रचली, ती याच गरजेपोटी. १९४९ मध्ये रोबेर्तो बुसा या इटालियन पाद्र्याने संत थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथांची सूची यंत्राच्या छिद्रित पत्त्यांवर करावयास घेतली. त्या कामात सुमारे तीस वर्षे गेली. आज संगणकावर लिहिणारा कोणीही शोधाच्या चौकटीत शब्द घालतो आणि निमिषात उत्तर मिळवितो. मग अडचण उरली कोठे? ती उरली आहे आमच्याच लेखनाच्या इतिहासात.

एक उदाहरण घेऊ. गोविंद नारायण माडगांवकरांचा या शहरावरील ग्रंथ १८६३ साली निघाला. त्या काळच्या लेखनाप्रमाणे त्याचे नाव ‘मुंबईचें वर्णन’. कोणी तो ग्रंथ मूळ लेखनानुसार संगणकात उतरविला आणि आम्ही ‘मुंबईचे वर्णन’ अशी पृच्छा केली, तर यंत्र सांगेल, आढळ नाही. यंत्र खोटे बोलत नाही. ‘चे’ आणि ‘वर्णन’ यांच्यामध्ये एक अनुस्वार उभा आहे आणि यंत्र केवळ खुणा जुळविते, अर्थ जाणत नाही. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसणारा जाणता वाचक तो अनुस्वार सहज ओलांडील. यंत्र त्याच्याशी अडून बसते.

१९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने स्वीकारले आणि असे अनुस्वार गेले. लिहिणाराची सोय झाली, यात शंका नाही. पण शोधणारासाठी ते वर्ष म्हणजे एक अदृश्य भिंत ठरली. अलीकडे ‘नाही’, ‘काही’. पलीकडे ‘नाहीं’, ‘कांहीं’. म्हणून जुन्या मजकुरात दोन्ही लेखनांनी शोधावे, किंवा ‘वर्णन’ यासारखा न बदललेला शब्द तेवढा धरावा.

दुसरी भिंत अक्षरांच्या पोटात आहे. १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली. तरी त्यानंतरही बरीच वर्षे पुष्कळ मराठी मजकूर निराळ्या फाँटांत जुळविला गेला. पडद्यावर ‘अ’ दिसतो, आत मात्र रोमन चिन्हाचा क्रमांक असतो. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये पालटून घ्यावा लागतो. युनिकोडमध्येही ‘दुसऱ्या’तील ऱ्या दोन रीतींनी लिहिता येतो, डोळ्यांना एकच, यंत्राला भिन्न. यावर साधा तोडगा असा की, शब्द स्वतः न लिहिता त्याच मजकुरातून उचलून चौकटीत ठेवावा.

तिसरी गोष्ट विभक्तीची. ‘संपूर्ण शब्द’ ही अट ठेवली की ‘गिरगाव’ सापडते, ‘गिरगावात’ निसटते. अट काढून नुसते ‘गिर’ शोधले तर ‘गिरगांव’ही येते, पण पाठोपाठ गिरणी आणि गिरणगावही येतात! जाळे लहान केले तर मासे सुटतात, मोठे केले तर शेवाळ येते. तेव्हा आधी मोठे जाळे टाकावे व मग निवडावे.

हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरण्यांतील कष्टकऱ्यांची सभा भरविली. अशा माणसांविषयी जुन्या पत्रांत शोधताना आम्ही ‘कामगार’ हा एकच शब्द टाकला आणि लिहिणाराने ‘मजूर’ वा ‘कामकरी’ म्हटले असले, तर उत्तर रिकामे येईल. त्यावरून ‘त्या काळी यांच्याविषयी कोणी लिहिलेच नाही’ असा निष्कर्ष छापला गेला, तर आधीच ज्यांची नोंद थोडी, त्या लालबाग-परळच्या माणसांवर आम्हीच दुसऱ्यांदा अन्याय केला असे होईल.

म्हणून आमची विनंती एवढीच की, यंत्राने ‘आढळ नाही’ म्हटले म्हणजे शोध संपला असे मानू नये. आपली पृच्छा त्या काळाच्या लेखणीने लिहिली होती काय, हे आधी तपासावे; निष्कर्ष मागाहून लिहावा.