अपुऱ्या दिवसांची बाळे

सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, आठव्यातले मात्र हाती लागत नाही, असे आपल्याकडे जुनी माणसे सांगत आली. ही समजूत काही आपल्या पेठेतच जन्माला आलेली नाही. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ग्रीक वैद्यांच्या लिखाणातही ती सापडते. पण इतकी जुनी असली म्हणून ती खरी ठरत नाही. आईच्या पोटात जितके दिवस अधिक, तितके बाळाचे बळ अधिक. आठव्यातल्या बाळाची आशा सातव्यातल्यापेक्षा जास्तच असते. तरी आठव्यात बाळंतपण झाले की घरची माणसे आधीच हात टेकीत, दुधाची आणि उबेची हयगय होई, आणि मूल गेले की समजूत खरी ठरल्याचे समाधान तेवढे पदरात पडे!

यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असे भगिनींनी सुचविले. राजेरजवाड्यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. मी या इवल्या जिवांचा इतिहास थोडक्यात सांगते.

सदतीस आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाला डॉक्टर अपुऱ्या दिवसांचे म्हणतात. अडीच किलोंच्या आतले बाळ कमी वजनाचे. या दोन गोष्टी एक नव्हेत. दिवस भरूनही बाळ हडकुळे असू शकते. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली, आणि त्यांतली सुमारे ३० लाख एकट्या आपल्या देशात. म्हणजे हा प्रश्न परक्याच्या घरचा नाही.

कोल्हापूरचे नाव या कथेत एका दुःखद रीतीने येते. डॉ. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो अवघ्या दहा दिवसांत गेला. योग्य उपचार मिळाले नाहीत, हे शल्य त्यांना डॉक्टर होण्याकडे घेऊन गेले. १८८६ साली अमेरिकेत त्या पदवीधर झाल्या, आणि आपल्या कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागावर त्यांची नेमणूक केली. तेच आजचे आपले सीपीआर. मिरजकर तिकटीवरून तिथे पायी जाता येते. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्षही पुरे होण्याआधी, पुण्यात त्यांचा अंत झाला. त्या वॉर्डात त्यांचे पाऊल पडले असते तर, असा विचार त्या रस्त्याने जाताना माझ्या मनात पुष्कळदा येतो.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये तार्निए नावाच्या डॉक्टरांनी कोंबडीची अंडी उबविण्याची पेटी पाहिली आणि तशीच पेटी बाळांसाठी करवून घेतली. ती १८८० च्या सुमारास तिथल्या प्रसूतिगृहात वापरात आली. आपल्या सुईणी बाळाला कापसात गुंडाळून शेगडीजवळ ठेवीत, त्यामागचा विचारही हाच. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगावर चरबी नसते, म्हणून ते भराभर गार पडते. धुराचा मात्र त्या नाजूक छातीला त्रासच होतो.

पेटीनंतर प्राणवायू आला आणि त्याबरोबर एक मोठा अनर्थही आला. १९४० नंतरच्या दहापंधरा वर्षांत पुढारलेल्या देशांत अशा बाळांना मुक्तहस्ताने प्राणवायू दिला गेला. बाळे वाचली, पण हजारो आंधळी झाली. सर्वांत चांगली सोय असलेल्या दवाखान्यांतच हे अधिक घडत होते! १९५१ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. केट कॅम्पबेल या बाईंनी दोष प्राणवायूच्या अतिरेकाकडे दाखविला, आणि १९५३-५४ साली अमेरिकेत अठरा रुग्णालयांत मिळून केलेल्या प्रयोगाने ते सिद्ध झाले. आता प्राणवायू मोजून देतात. तरीही अशा बाळाचे डोळे जन्मापासून तीस दिवसांच्या आत तज्ज्ञाकडून तपासून घ्यावेच लागतात. घरी आणल्यावर बाळ चांगले खेळते आहे म्हणून ही तपासणी राहून जाते. दिवस मोजून ठेवावेत.

फुप्फुसांचे कोडे मेंढरांनी सोडविले. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स नावाचे डॉक्टर प्रसूतीची कळ कशाने सुरू होते हे मेंढ्यांवर तपासत होते. एका औषधाने कोकरे फार लवकर जन्मली. ती श्वासच घेऊ शकणार नाहीत असा अंदाज होता, पण त्यांच्या छात्या फुलल्या! तेच औषध पुढे अवेळी कळा सुरू झालेल्या बायांना दिले गेले, आणि १९७२ साली लिगिन्स व हॉवी यांनी निष्कर्ष छापले: प्रसूतीपूर्वी आईला दिलेले इंजेक्शन बाळाची फुप्फुसे लवकर तयार करते. हे स्वस्त इंजेक्शन सगळीकडे रूढ होण्यास मात्र आणखी वीस वर्षे लागली. अवेळी कळा आल्या असता ‘थांबेल, थांबेल’ म्हणत घरी बसण्यात किती तोटा आहे, हे यावरून कळावे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येते. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्यासमोर जंतुसंसर्गाने दगावणाऱ्या बाळांचा प्रश्न होता. परिचारिका थोड्या, बाळे फार. त्यांनी वरचे दूध बंद करून आयांनाच बाळांच्या सेवेला आत घेतले, आणि १९८९ साली तिथे मातृदुग्धपेढी सुरू केली. आशिया खंडातली ही पहिलीच. ज्या आईला दूध जास्त आहे तिची तपासणी करून ते घ्यावयाचे, साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवायचे, गोठवून ठेवायचे आणि ज्या बाळाच्या आईला दूध उतरत नाही त्याला द्यावयाचे. यशोदेच्या देशात दुसरीचे दूध ही गोष्ट नवी नव्हे. आपल्याकडे बोंडल्याने पाजण्याची आणि मधाची घुटी चाटविण्याची चाल होती. अशा बाळाला त्यातले काहीच नको. आईचे काढलेले दूध, स्वच्छ उकळलेली वाटी आणि चमचा, एवढेच.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो गडचिरोलीचा प्रयोग. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत शिकून परतले आणि त्या जंगलाच्या जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था काढून राहिले. तिथे बहुतेक बाळंतपणे घरीच होत; पेटी नाही, वीज बेभरवशाची, रुग्णालय दूर. तेव्हा त्यांनी रुग्णालयाचे ज्ञानच घरी न्यायचे ठरविले. १९९३ पासून ८६ गावे निरीक्षणाखाली घेतली. ३९ गावांत नवी पद्धत सुरू केली आणि ४७ गावांत नेहमीचीच चालू ठेवली, म्हणजे तुलना करता यावी. प्रत्येक गावातली एक बाई निवडली. तिचे शिक्षण किती? पाचवी ते दहावी. मी सातवी शिकलेली, म्हणजे मीही त्यात बसले असते! या आरोग्यदूत बायांना बाळ तोलायला, श्वास मोजायला, गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायला शिकविले. जंतुदोष ओळखून इंजेक्शन द्यायलासुद्धा. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी उबदार झोळीवजा पिशवी, आईचे दूध आणि घरी वारंवार फेऱ्या. खेड्यातल्या बाईच्या हाती इंजेक्शन देण्यावर मोठमोठ्यांनी नाके मुरडली.

१९९९ साली इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ या प्रख्यात वैद्यकीय साप्ताहिकात निकाल छापून आला: तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू बासष्ट टक्क्यांनी कमी झाले होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा हिशेब पुढे निराळा मांडला गेला. पूर्वी शंभरांत तेहतीस जात, ते दहांवर आले. २०११ साली भारत सरकारने हीच पद्धत आशाताईंकरवी देशभर सुरू केली. आपल्या दारी बाळ तोलायला येणाऱ्या आशाताईला आपण पाण्याचा तांब्या तरी पुढे करतो का, हे ज्याचे त्याने पाहावे.

दक्षिण अमेरिकेत बोगोटा शहरी १९७८ साली पेट्या पुरेनात, म्हणून डॉ. एडगर रे यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवले. तीच आज कांगारू पद्धत. आमच्या गल्लीतल्या एका लेकीला बत्तिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, सव्वा किलोची. आई, आजी आणि आत्या यांनी पाळ्या लावून तिला छातीशी धरले. शेजारच्या म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, “माकडीणसुद्धा पोर पोटाशी धरूनच हिंडतीया, ह्यात नवं ते काय गं?” नवे आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतल्या प्रयोगात, ज्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते, बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्यावर लगेच असे धरले तर मृत्यू चौथ्या हिश्शाने कमी होतात असे दिसले. फरक इतका स्पष्ट होता की प्रयोग मुदतीआधीच थांबविला.

वाचलेल्या मुलांचे पुढे काय होते, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉक्टरांनी पाहिले. डॉ. आनंद पंडित, डॉ. सुधा चौधरी आणि त्यांचे सहकारी १९८७ ते १९८९ या काळातल्या, दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांच्या मागे अठरा वर्षे राहिले. इतकी वर्षे घरोघरचा पत्ता धरून राहणे हे संशोधन म्हणावे की तप! पुष्कळ मुले चांगली शिकली. बुद्धी इतरांपेक्षा सरासरीने थोडी कमी भरली. जी दिवसांनीही अपुरी आणि वजनानेही हलकी होती, ती अधिक मागे राहिली. हाताच्या कामात आणि गणितात अडचण आढळली. ती मुले आता पस्तिशी ओलांडून गेली आहेत.

आमच्या गल्लीतली ती मुलगी यंदा अंगणवाडीत जाते. तिच्या आईला मी पुण्याची हकिकत सांगून ठेवली आहे: पहिलीत गेली की पाढ्यांना उशीर झाला म्हणून मारू नकोस, आधी डॉक्टरीणबाईंना दाखव.