देहाची ऊब आणि न्यायाची घटका

मृत्यू नेमका केव्हा आला, या प्रश्नाच्या उत्तरावर पुष्कळदा एखाद्या जिवंत माणसाचे प्राण अवलंबून असतात. ते उत्तर देहाच्या ओसरत्या उबेत शोधण्याच्या प्रयत्नांस जवळजवळ दोन शतकांचा इतिहास आहे.

तप्त वस्तू निवण्याचा वेग तिच्या व सभोवतालच्या तापमानांतील अंतरावर ठरतो, हा नियम न्यूटनने १७०१ साली मांडला. ब्रिटिश लष्करातील डॉक्टर जॉन डेव्ही यांनी माल्टा बेटावर मृत सैनिकांच्या देहांचे तापमान मोजले व १८३९ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. पुढे १८६८ मध्ये ग्लासगोच्या हॅरी रेनी यांनी न्यूटनचा नियम मृतदेहाला लावून पाहिला. आरंभी देह या नियमापेक्षा सावकाश निवतो, हे तेव्हा त्यांच्या ध्यानी आले.

हे शास्त्र मुख्यत्वे थंड देशांत वाढले. आपल्या पुण्यात वैशाखातील दुपारी मार्केट यार्डच्या पत्र्याखालील हवा कित्येकदा ३७ अंशांपलीकडे जाते, म्हणजे जिवंत देहाइतकीच तापते. तेथे एखाद्या अभाग्याचा देह आढळला, तर त्याला निवण्यास वावच नसतो आणि तापमापक मुका होतो. तोच देह शीतगृहात असता, तर भराभर निवला असता.

उष्ण प्रदेशांच्या दृष्टीने मोलाचा अभ्यास डी सॅरम व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलंबो येथे करून १९५५ साली प्रसिद्ध केला. त्यांनी फाशी दिलेल्या ४१ कैद्यांचे देह तपासले, कारण तेथे मृत्यूची घटका निश्चित ठाऊक होती. न्यायाने ज्यांचे प्राण घेतले, त्यांच्याच देहांनी न्यायाला सावधपणाचे धडे द्यावेत, ही गोष्ट आम्हांस अंतर्मुख करते.

देहाचे वजन, अंगावरील वस्त्रे, वारा, ओलावा यांचा हिशेब धरणारा आलेख जर्मन तज्ज्ञ क्लाउस हेन्सगे यांनी १९८८ साली सिद्ध केला. तरीही अगदी अनुकूल परिस्थितीत सुमारे पावणेतीन तास अलीकडे वा पलीकडे, एवढा फरक गृहीत धरावा लागतो. एकूण साडेपाच तासांचा हा अवधी. तेवढ्यात माणूस पुण्याहून मुंबईस सहज पोहोचतो!

म्हणून 'अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत' एवढेच सांगणाऱ्या डॉक्टरास साक्षीच्या पिंजऱ्यात कोणी दुबळा समजू नये. घड्याळाचा काटा दाखविणारी साक्ष ऐकावयास बरी वाटते खरी. परंतु डॉक्टरांच्या त्या प्रामाणिक संकोचामुळेच एखाद्या निरपराध्याचे प्राण वाचू शकतात, असे आम्हांस वाटते.