विषाद, वेड आणि आपले गैरसमज

दुःखाविषयीं आपल्या समाजांत जे समज रूढ आहेत, ते एका दिवसांत उपजलेले नाहींत. त्यांना इतिहास आहे. भंडारा जिल्ह्यापुरतें पाहूं गेलें तरी तो सातशें वर्षांहून मागें नेतां येतो. महानुभावांच्या लीळाचरित्रांत निळभट्ट भांडारेकार या नांवाचे एक भक्त येतात. ते या भंडाऱ्याचेच. चक्रधरस्वामींचा वियोग न साहून त्यांनीं प्राण सोडला, असें पंथाची परंपरा सांगते, व परमप्रेमाचा आदर्श म्हणून त्यांचें नांव आजही घेतलें जातें.

त्याच वियोगाची दुसरीही एक कथा आहे. स्वामींच्या उत्तरापंथगमनानंतर नागदेवाचार्यही शोकानें विव्हल झाले. परंतु ते एकटे राहिले नाहींत. इतर भक्तांसह ते रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेस गेले. पुढें म्हाइंभटांनीं स्वामींना पाहिलेल्या माणसांच्या आठवणी गोळा केल्या, त्या नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या, आणि मराठी गद्यांतील तो आद्य चरित्रग्रंथ सिद्ध झाला. पहिली कथा भक्तीच्या प्रांतांतील आहे. तिचें मोल आम्ही ठरवूं नये. परंतु संसारी माणसाच्या उपयोगाची कथा दुसरी होय, आणि तिकडेच आपलें लक्ष कमी गेलें. ज्या गोविंदप्रभूंच्या आश्रयास ही मंडळी गेली, त्यांना रिद्धपुरचे लोक वेडेपिसे म्हणत, हेंही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. वेडे म्हणत, पण गांवाबाहेर काढीत नसत.

वेड म्हणजे कोंडणें हा संबंध पुष्कळ अलीकडचा आहे. १८५४ सालीं भोंसल्यांचें राज्य खालसा होऊन भंडारा इंग्रजी अंमलाखालीं आला. १८५८ सालीं वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला, आणि १८६४ सालीं नागपुरास असें इस्पितळ निघालें. रस्त्यावर भटकणाऱ्या वेड्याला पोलिसानें धरावें, माजिस्ट्रेटापुढें उभें करावें आणि त्याच्या हुकुमानें आंत पाठवावें, ही त्या कायद्याची रीत होती. १९१२ च्या कायद्यानेंही ती मोडली नाहीं. विषादावरील आजचीं औषधें १९५० नंतरचीं. तेव्हां भिंत आणि पहारा हाच उपचाराचा मोठा भाग असे. रोगी आणि गुन्हेगार दोघेही पोलिसाच्याच हातून जातांना लोकांनीं पाहिले. त्या वास्तूला त्यांनीं 'पागलखाना' म्हटलें, व मनाच्या दुखण्याची वाच्यता म्हणजे घराण्याला बट्टा, अशी समजूत करून घेतली. समजूत खोटी असली तरी निराधार नव्हती. मात्र तिचा आधार आतां उरलेला नाहीं, हें सांगणें अवश्य आहे.

मुख्य गैरसमज तीन. पहिला, दुःख आणि विषादरोग एकच होत. आप्त गेला, पीक बुडालें, तर रडणें हा रोग नव्हे; असा शोक लाटेसारखा येतो व ओसरतो, आणि मध्येंच माणूस नातवाला पाहून हंसतोही. परंतु दोन आठवडे किंवा अधिक काळ बहुतेक सारा दिवस मन खिन्न राहणें, कशांतच गोडी न वाटणें, झोंप व भूक बिघडणें, आपण निरुपयोगी आहों असें वाटणें, मरणाचे विचार येणें, हीं लक्षणें एकत्र दिसलीं तर तो उपचाराचा विषय होतो. शोक झाला म्हणून रोग होणारच नाहीं, असेंही नाहीं.

दुसरा, हें दुबळ्या मनाचें लक्षण होय. ज्या अध्यायानें गीता आरंभते त्याचें नांवच मुळीं विषादयोग, आणि त्यांत गात्रें गळालेला पुरुष आहे अर्जुन! त्याला कोणी भेकड म्हणत नाहीं. त्यानें जवळच्या सख्यापाशीं मन मोकळें केलें, यांतच पुढील सर्व ग्रंथाचें बीज आहे.

तिसरा, मरणाचा विचार मनांत येतो का असें विचारल्यानें तो विचार बळावतो. अनुभव उलट आहे. विचारल्यानें कोंडलेल्याला वाट मिळते. या बाबतींत कायद्यानेंही पुष्कळ काळ तोंडें बंद ठेविलीं. १८६० च्या दंडसंहितेनें आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरविला होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें, असा प्रयत्न करणारा अतिशय ताणाखालीं होता असें गृहीत धरून त्याची शुश्रूषा करणें हें सरकारचें कर्तव्य ठरविलें. आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या न्यायसंहितेंत तें जुनें कलम उरलें नाहीं.

कायदा बदलला, पण मनें त्या वेगानें बदलत नाहींत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणींत असें आढळलें कीं, सुमारें वीस प्रौढांपैकीं एकास आयुष्यांत केव्हां ना केव्हां हा रोग होतो, आणि रोग्यांपैकीं शेंकडा ८५ जणांस उपचार मिळत नाहींत. तथापि निराश होण्याचें कारण नाहीं. अमरावती जिल्ह्यांतील तीस गांवांत, गांवांतल्याच माणसांना शिकवून घरोघर या विषयाची बोलणीं केलीं, तेव्हां मदत घेणाऱ्या रोग्यांचें प्रमाण दीड वर्षांत शेंकडा ४ वरून २७ वर गेलें. तेथें मोठें इस्पितळ बांधावें लागलें नाहीं, बोलावें लागलें.

आज भंडाऱ्याच्या माणसास मदतीसाठीं माजिस्ट्रेटाचा हुकूम नको. १४४१६ या क्रमांकावर मराठींत बोलतां येतें, आणि पुष्कळांना औषध व सल्ला घरीं राहूनच पुरतो. प्रश्न उरतो तो शेजाऱ्याचा. ओसरीवर गप्प बसूं लागलेल्या माणसाला आपण 'मन घट्ट कर' म्हणणार, कीं 'चल, मी तुझ्याबरोबर येतों' म्हणणार? नागदेवाचार्य रिद्धपुरास एकटे गेले नव्हते, एवढें या जिल्ह्यानें विसरूं नये.