कथिलाची शुभ्रता : पांढऱ्या अपारदर्शक झिलईचा आणि तिच्या नावांचा इतिहास

मातीच्या भांड्यांवरील पांढऱ्या अपारदर्शक झिलईचा विचार करू लागताच युरोपीय भाषांतील तीन नावे पुढे येतात : मायोलिका, फायान्स आणि डेल्फ्ट. तिन्ही मुळात स्थलनामे आहेत. परंतु ज्या बसरा नगरात ही झिलई नवव्या शतकात प्रौढावस्थेस पोहोचली, त्या नगराच्या नावाने युरोपात एकही भांडे ओळखले जात नाही. शब्दांच्या व्युत्पत्तीवरून कलेचा इतिहास उभारण्याचा मोह भाषाभ्यासकास नेहमीच होतो. शब्दांची साक्ष कोठवर ग्राह्य धरावी, हे या एका उदाहरणावरून तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम वस्तूचे स्वरूप पाहू. झिलई म्हणजे भांड्याच्या पृष्ठभागावर वितळवून बसविलेला काचेचा पातळ थर. सामान्य काच पारदर्शक असल्यामुळे खालच्या मातीचा तांबूस वा पिवळसर रंग तिच्यातून दिसतो. या काचेत कथिलाचे ऑक्साइड मिसळले, तर ते फारसे विरघळत नाही. त्याचे अतिसूक्ष्म स्फटिक काचेत विखरून राहतात. काचेचा वक्रीभवनांक सुमारे 1.5, तर या स्फटिकांचा सुमारे 2 असतो. या तफावतीमुळे आत शिरलेला प्रकाश ठायी ठायी विखुरला जाऊन परत फिरतो, आणि थर दुधासारखा पांढरा दिसतो. माती कोणत्याही रंगाची असो, ती झाकली जाते.

माती झाकण्याची गरज निर्माण झाली ती चीनमुळे. तांग राजवटीत उत्तर चीनमध्ये पांढऱ्या मातीची, उच्च तापमानात भाजलेली भांडी तयार होत. ती समुद्रमार्गे इराणच्या आखातात येत. इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ 1998 साली सापडलेल्या बुडीत जहाजात सुमारे 60,000 चिनी भांडी होती. त्यांपैकी एका वाडग्यावरील कालोल्लेख इ. स. 826 चा आहे. अब्बासी खलिफांची काही काळ राजधानी असलेल्या समारा येथे 1911 ते 1913 या काळात एर्न्स्ट हर्झफेल्ड यांनी उत्खनन केले, तेव्हा चिनी पांढऱ्या भांड्यांचे तुकडे आणि त्यांच्या स्थानिक प्रतिकृती अशी दोन्ही सापडली. इराकमधील कुंभारापाशी ना तशी पांढरी माती होती, ना तितकी तप्त भट्टी. त्याने आपल्या पिवळसर मातीला चिनी वाडग्याचा आकार दिला आणि वरून कथिलाची शुभ्रता चढविली. कथिलाने काच अपारदर्शक करण्याची युक्ती त्यापूर्वी आठव्या शतकात ईजिप्त व सीरियाच्या परिसरात अवगत होती, असे अलीकडील रासायनिक परीक्षणांवरून दिसते. परंतु तिला चिनी पात्राच्या तोडीचे रूप मिळाले ते बसऱ्यात.

ही भांडी निव्वळ नक्कल राहिली नाहीत. चिनी पात्र बहुधा कोरे असे. बसऱ्याच्या कारागिराला मात्र आपल्या पांढऱ्या थरात चित्रफलक दिसला. त्याने त्यावर कोबाल्टच्या निळ्या रंगाने वेलबुट्टी व अक्षरे रेखाटली. पांढऱ्यावर निळे चित्रण करण्याची ही रीत पुढे पश्चिम आशियात रुळली. चौदाव्या शतकात चीनमधील जिंगदेझेनच्या कारागिरांनी निळ्या चित्रणाची जी विख्यात भांडी घडविली, त्यांत बाहेरून आणलेला कोबाल्ट वापरला जाई.

कृतीचा प्रवास आणि नावांचा प्रवास हे येथून वेगळे होतात. इराणातील काशान येथील कुंभारकुलात जन्मलेल्या अबुल कासिम याने 1301 साली लिहिलेल्या प्रकरणात शिसे व कथील एकत्र जाळून त्यांची राख झिलईसाठी वापरण्याची रीत सांगितली आहे. सुमारे अडीच शतकांनंतर, 1557 च्या सुमारास, इटलीतील चिप्रियानो पिक्कोलपासो याने कुंभारकलेवर जो ग्रंथ रचला, त्यातही शिसे व कथील असेच एकत्र जाळावयाचे आहेत. धर्म, भाषा, राज्य ही सर्व बदलली. भट्टीतील राख तीच राहिली. नावे मात्र निराळीच गोष्ट सांगतात. स्पेनमधील मुस्लिम कारागिरांची भांडी माजोर्का बेटाच्या व्यापारमार्गाने इटलीत येत, म्हणून इटालियनांनी त्यांना ‘मायोलिका’ म्हटले. इटलीतील फाएन्झा गावचा माल फ्रान्समध्ये गेला आणि फ्रेंचांनी त्याला ‘फायान्स’ म्हटले. प्रत्येक भाषेने वस्तू जेथून हाती आली त्या मागील टप्प्याचे नाव जपले. त्याच्याही मागे काय होते, याची दखल घेतली नाही.

सतराव्या शतकातील डेल्फ्टचे उदाहरण याहून बोलके आहे. 1644 मध्ये मिंग राजवट कोसळली आणि चिनी मालाचा पुरवठा खंडित झाला, तेव्हा डेल्फ्टच्या कुंभारांनी निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांची प्रतिरूपे मोठ्या प्रमाणावर घडविली. 1653 साली स्थापन झालेल्या तेथील एका कारखान्याच्या नावाचा अर्थच ‘पोर्सेलिनची सुरई’ असा आहे. वस्तुतः तेथील माल कथिलाच्या झिलईचा होता. स्वतः ‘पोर्सेलिन’ हा शब्द इटालियन भाषेतील कवडीच्या नावावरून आला. चिनी पात्राची चकाकी कवडीसारखी भासली, एवढेच तो सांगतो. डेल्फ्टच्या कारागिराने ज्याला चीनचे म्हणून गिरविले, त्या निळ्या-पांढऱ्या रीतीचा उगम पश्चिम आशियात होता, हे त्याला कोणत्याही शब्दाने सांगितले नसते.

पुढे 1710 साली मायसेन येथे खऱ्या पोर्सेलिनचा कारखाना उघडला. 1760 नंतर जोसाया वेजवुडच्या फिकट, कणखर आणि स्वस्त भांड्यांनी तर कथिलाच्या झिलईला जेवणाच्या मेजावरून जवळजवळ हटविलेच, कारण तिचे कडांवरील पापुद्रे उडत. विसाव्या शतकात अपारदर्शकतेसाठी महागड्या कथिलाऐवजी झिरकॉन हे खनिज रूढ झाले. त्याचे नाव सोनेरी या अर्थाच्या फार्सी शब्दावरून आले, असे सामान्यतः मानतात. आपल्या ‘जरी’तला ‘जर’ तोच. आजच्या पांढऱ्या टाइलला पांढरेपणा देणाऱ्या द्रव्याच्या नावात असे सोने दडले आहे.

आता मराठीकडे वळू. ‘चिनी माती’ हा आपला शब्दही मायोलिकाच्याच जातीचा आहे; भांडे कोणत्याही देशी कारखान्यातले असो, ते चिनीच. परंतु धातूंची नावे अधिक खोल जातात. ‘कथील’ हा शब्द संस्कृत ‘कस्तीर’वरून आला, आणि त्याचे नाते ग्रीक ‘कासितेरोस’शी आहे. ‘कल्हई’ ही अरबी ‘कलई’ होय. हे नाव मलाया द्वीपकल्पातील कथिलाच्या एका बंदरावरून पडले, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. तांब्यापितळेच्या भांड्याला कल्हई करणारा कारागीर आणि बसऱ्याचा कुंभार एकाच धातूचे पांघरूण घालीत होते.

यावरून इतकेच अनुमान काढता येते की, तयार वस्तूचे नाव बहुधा ग्राहक ठेवतो, आणि ग्राहकाची स्मृती शेवटच्या बाजारापलीकडे क्वचितच जाते. कच्च्या मालाचे नाव कारागीर आणि व्यापारी यांच्या तोंडी राहते. म्हणून ते दूरचा मार्ग अधिक काळ सांभाळते. शब्द साक्षीदार आहेत, परंतु त्यांनी जे पाहिले तेवढेच ते सांगू शकतात. बसऱ्याच्या कुंभाराचे श्रेय कोशात नोंदलेले नाही. ते त्याच्या वाडग्याच्या फुटक्या कडेवर, पांढऱ्या थराखाली दिसणाऱ्या पिवळ्या मातीत वाचावे लागते.