अतिजलद नौकांना डिझेलचे बळ

कुर्ल्यात लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या गॅरेजांमध्ये उघडून ठेवलेले ट्रकचे डिझेल इंजिन पाहिले, की ते अवजड मालवाहतुकीसाठीच जन्मले असावे असे वाटते. वेग म्हटला की पेट्रोल, ही शहरी वाहनचालकांची जुनी समजूत. समुद्रावर मात्र चित्र वेगळे आहे. तटरक्षक दलाच्या अतिजलद नौका ताशी ८० किलोमीटरहून अधिक वेगाने धावतात, त्या डिझेलच्याच बळावर.

पेट्रोलची धास्ती

यामागचे पहिले कारण आगीचे. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही ठिणगीने पेटू शकते. जहाजांवर वापरल्या जाणाऱ्या इंधनाचा ज्वलनबिंदू मात्र आंतरराष्ट्रीय नियमांनुसार साधारणतः ६० अंशांपेक्षा कमी चालत नाही. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. रस्त्यावर ती वाऱ्याबरोबर उडून जाते. नौकेत मात्र बंदिस्त इंजिनकक्षाच्या तळाशी साचून राहते. तेथे एखादी ठिणगी पडली तर पळायला जागा नसते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ‘पीटी’ नौका पॅकार्ड कंपनीच्या पेट्रोल इंजिनांवर चालत. २ ऑगस्ट १९४३ रोजी जपानी विनाशिकेच्या धडकेने ‘पीटी-१०९’ दुभंगली आणि सांडलेल्या पेट्रोलने पेट घेतला. तिचे कप्तान जॉन केनेडी पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले. जर्मनीने मात्र आपल्या ‘श्नेलबोट’ या वेगवान नौकांसाठी डाइम्लर-बेन्झची डिझेल इंजिने निवडली होती.

वजनाचे कोडे

मग सर्वांनीच आरंभापासून डिझेल का स्वीकारले नाही? अडचण वजनाची होती. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा प्रचंड दाबून तापवली जाते आणि त्या उष्णतेने इंधन पेटते. हा दाब सोसण्यासाठी इंजिन भक्कम, म्हणजेच जड करावे लागते. वेगवान नौकेला तर पाणी कापण्याऐवजी पाण्यावर उचलले जाऊन घसरत जायचे असते. तिथे प्रत्येक किलो महाग पडतो. टर्बोचार्जर, हवा थंड करणारा इंटरकूलर आणि संगणकनियंत्रित इंधन फवारणी यांमुळे त्याच आकाराच्या इंजिनातून कितीतरी अधिक शक्ती मिळू लागली आणि हे कोडे बरेचसे सुटले.

डिझेलचा दुसरा लाभ पल्ल्याचा. एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक ऊर्जा असते आणि इंजिनही त्या ऊर्जेचा अधिक भाग कामी लावते. त्यामुळे तेवढ्याच टाकीत नौका अधिक दूर जाते.

कराची ते कुलाबा

या शक्तीचा प्रत्यय भारताला १९७१ मध्ये आला. ४ डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या सोव्हिएत बनावटीच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीजवळ हल्ला चढवला. अशा प्रत्येक नौकेत तीन डिझेल इंजिने होती. प्रत्येक इंजिनाला ४२ सिलिंडर आणि सुमारे चार हजार अश्वशक्ती. हाच दिवस नौदल दिन म्हणून पाळला जातो.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी दहशतवादी रबरी होडीतून कुलाब्याच्या बधवार पार्कजवळ उतरले. अशा लहान, उघड्या होड्यांना मागे टांगलेले हलके पेट्रोल इंजिन सोयीचे ठरते, कारण वाफ साचायला बंदिस्त जागाच नसते. पण त्यांना खोल समुद्रात गाठायचे, तर वेग आणि पल्ला दोन्ही हवेत. तटरक्षक दलासाठी लार्सन अँड टुब्रोने बांधलेल्या ५४ नौका सुमारे २८ मीटर लांब असून त्यांचा कमाल वेग ४५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ८३ किलोमीटर आहे. दोन डिझेल इंजिने पंख्याऐवजी जलझोताने त्यांना पुढे ढकलतात. पंखा बाहेर नसल्याने त्या उथळ पाण्यातही जाऊ शकतात.

निगा हीच कसोटी

गॅरेजमधले इंजिन जसेच्या तसे नौकेत बसत नाही. नौकेत रेडिएटरवर वारा येत नाही. म्हणून इंजिनातील गोडे पाणी समुद्राच्या पाण्याने थंड केले जाते. हे खारे पाणी नळ्या आणि सांधे गंजवते. नौका महिनोन् महिने उभी राहिली, तर इंधनात पाणी उतरते आणि सूक्ष्म छिद्रांचे फवारे निकामी होतात.

वेगाचा धोका इंधन बदलल्याने टळत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी इंजिनाची चाचणी सुरू असताना नौदलाच्या वेगवान नौकेवरील नियंत्रण सुटले आणि ती ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. त्या दुर्घटनेत १५ जणांचा बळी गेला. डिझेलने नौकेवरील आगीचे भय कमी केले. चाचणी कोठे आणि कशी घ्यावी, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते.